जिन्यावरचा दिवा

श्रावण संपत आला होता. गिरगावातील एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा दिवा त्या महिन्यात तिसऱ्यांदा गेला. जिना लाकडी होता. वर्षानुवर्षे माणसे चढून-उतरून त्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या आणि पावसाळ्यात त्या सदा ओलसर असत. दिवेलागणीनंतर त्या वळणावर काळोख दाटला की चाळकरी भिंतीला हात लावून उतरत. आदल्याच रात्री देवळातून परतणाऱ्या एका आजींचा पाय तेथे घसरला. मागून येणाऱ्या शेजाऱ्याने त्यांना वेळीच सावरले. त्यांच्या हातातील तांब्या मात्र खडखडत तळमजल्यापर्यंत गेला.

या आजींचा नातू बारा वर्षांचा होता. दिवा गेला की चाळीचे चिटणीस नवा बल्ब आणून लावीत आणि बल्ब करणाऱ्या कंपनीला दोन शब्द सुनावीत. मुलाने मात्र एक गोष्ट टिपून ठेवली होती. कोणी जिन्यावरून दाणदाण पावले टाकीत गेले की दिवा लुकलुके. क्वचित विझून पुन्हा लागे. त्याच्या वरून बारीक तडतड ऐकू येई. शिवाय गेले काही दिवस त्या वळणावर मासळी भाजल्यासारखा वास येत होता. खालच्या बिऱ्हाडी बोंबील भाजीत असतील, असे सर्वजण समजत. पण श्रावणात ते बिऱ्हाड मासळीला शिवत नसे! आजींनी तीनही 'गेलेले' बल्ब एका डब्यात जपून ठेवले होते. मुलाने ते घरच्या दिव्याच्या जागी एकेक करून लावून पाहिले. तीनही लखलखीत लागले. दोष बल्बात नसून बल्ब ज्यात बसतो त्या होल्डरमध्ये आहे, हे त्याने ओळखले.

त्याचा तर्क बिनचूक होता. पुढची कृती मात्र तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जिन्याचे बटण बंद केले, घरातील स्टूल आणून वळणावर ठेवले, बल्ब काढला आणि पेचकस हातात घेऊन तो होल्डर उघडण्यास सज्ज झाला. तोल सावरण्यासाठी त्याने डावा हात भिंतीलगतच्या पाण्याच्या नळावर ठेवला होता. नळ लोखंडी होता आणि पावसाने ओला होता.

“अरे थांब! हात मागे घे!”

हाक तळमजल्यावरच्या वायरमन आजोबांची होती. परळच्या एका कापडगिरणीत त्यांनी तीस वर्षे विजेचे काम केले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्यांत आजोबांची गिरणीही गेली. त्यानंतर ते चाळीतील किरकोळ कामे करीत. वायरमनचा सरकारी परवाना त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला होता.

“आजोबा, मी बटण बंद केलं आहे,” मुलगा म्हणाला.

“ते दिसतं आहे मला. पण बटण बंद म्हणजे वीज बंद, हे तुला कोणी सांगितलं?”

आजोबांनी खिशातून टेस्टर काढला. टेस्टर हा पेचकसासारखाच दिसतो. त्याच्या पारदर्शक मुठीत निऑन वायूने भरलेली इवलीशी नळी असते. टोक विजेच्या तारेला टेकवून मुठीवरच्या धातूला बोट लावले की अत्यंत सूक्ष्म प्रवाह अंगातून जमिनीकडे जातो आणि नळी तांबूस उजळते. आजोबांनी प्रथम आपल्या घरातील चालू जोडणीवर टेस्टर लावून तो नीट चालतो याची खात्री करून घेतली. मग त्यांनी मुलाला खाली उतरवले, स्वतः कोरड्या स्टुलावर चढले आणि होल्डरच्या आतील दोन टोकांपैकी एकास टेस्टर टेकवला. नळी उजळली नाही. दुसऱ्या टोकाला टेकवला. तांबूस ठिणगी लख्ख दिसली. बटण बंदच होते.

मुलाचा चेहरा उतरला. त्याचा उजवा हात त्या टोकापासून वीतभर अंतरावर होता आणि डावा ओल्या नळावर होता.

असे का व्हावे? घरातील दिव्याकडे दोन तारा जातात. एकीला फेज म्हणतात. तिच्यात २३० व्होल्टचा दाब असतो. दुसरी न्यूट्रल, तिच्यावाटे प्रवाह परत जातो. दिवा विझवायला या दोहोंपैकी कोणतीही तार तोडली तरी पुरते, कारण वाट कोठेही खुंटली तरी प्रवाह थांबतोच. यामुळेच चूक झालेली कोणाच्या लक्षात येत नाही. बटण फेजच्या तारेत असावे असा नियम आहे. चाळीच्या जिन्यावर मात्र पूर्वी कोणीतरी दुरुस्ती करताना तारांची अदलाबदल केली होती, आणि बटण न्यूट्रलमध्ये जाऊन बसले होते.

आजोबांनी मुलाला नळाचाच दाखला दिला. “गच्चीवरच्या टाकीतून पाणी मोरीत येतं. टाकीपाशी कॉक बंद केला तर खालचा नळ मोकळा होतो. मग तो खुशाल कापा. पण टाकीपाशी काहीच केलं नाही आणि नुसती मोरीतली तोटी बंद केली, तर? पाणी वाहताना दिसत नाही, पण नळ गच्च भरलेलाच असतो. या होल्डरचं तसंच आहे. वाट शेवटी अडवली आहे. वीज इथे येऊन उभीच आहे.”

“पण आजोबा, हा साठ वॉटचा तर बल्ब. एवढ्याशा दिव्याची वीज ती किती असणार?”

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि तो नीट तपासून पाहण्यासारखा आहे. ६० वॉटच्या बल्बातून २३० व्होल्टच्या दाबाखाली सुमारे पाव अँपिअर प्रवाह जातो. अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलीअँपिअर म्हणतात. म्हणजे हा प्रवाह साधारण २६० मिलीअँपिअर झाला. माणसाच्या छातीतून एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे याहून पुष्कळ कमी प्रवाह गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून माणसांच्या रक्षणासाठी जी स्वयंचलित कळ हल्ली घरोघरी बसवतात, ती ३० मिलीअँपिअर प्रवाह जमिनीत गळताच वीज तोडते. जुन्या चाळीतील ५ अँपिअरचा फ्यूज असा आपला जीव वाचवू शकत नाही. तो तारा तापून आग लागू नये म्हणून असतो. माणसाला बसणाऱ्या धक्क्याएवढ्या क्षुल्लक प्रवाहाची त्याला दखलही नसते. बल्ब लहान असो वा मोठा, होल्डरमधला दाब २३० व्होल्टच. आज सर्वत्र दिसणारे ९ वॉटचे एलईडी दिवेही त्याच होल्डरमध्ये बसतात आणि त्यामागे तीच वीज उभी असते.

आजोबा तळमजल्यावर गेले. जिन्याखाली चाळीच्या सामाईक दिव्यांचा मीटर आणि त्याच्याशेजारी चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता. वायरमन मंडळी त्याला 'किटकॅट' म्हणतात. आजोबांनी मेन स्विच पाडला, फ्यूजची मूठ खेचून काढली आणि ती आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

“खिशात कशाला, आजोबा?”

“मी वर काम करीत असताना कोणी भला माणूस येईल, दिवे का नाहीत म्हणून पाहील, आणि मेन वर करील. त्याचा हेतू वाईट नसतो. पण मूठ माझ्या खिशात असली की त्याला काही करताच येत नाही.”

पुन्हा वर येऊन त्यांनी होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून पाहिला. आता दोन्ही टोके निर्जीव होती. तेवढ्यावर न थांबता त्यांनी खाली जाऊन आपल्या घरात टेस्टर पुन्हा एकवार तपासला. टेस्टरच बिघडला असता तर त्यानेही 'वीज नाही' असेच सांगितले असते. मग त्यांनी होल्डर उघडला.

होल्डर ही वस्तू नेहमीच्या पाहण्यातली असूनही तिचे अंतरंग फार थोड्यांनी पाहिलेले असते. वरचे झाकण फिरवून काढले की आत चिनी मातीची किंवा बेकेलाइटची वाटोळी बैठक दिसते. तिच्यात दोन पितळी खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीमागे एक कमान दडलेली असते, त्यामुळे दाबली की खुंटी आत जाते आणि सोडली की वर येते. खुंट्यांच्या मागील बाजूस पेचांनी तारा आवळलेल्या असतात. बाहेरच्या कवचाला समोरासमोर दोन खाचा असतात. त्या सरळ वर जाऊन किंचित आडव्या वळतात आणि शेवटी पुन्हा थोड्या खाली येतात. बल्बाच्या पितळी टोपीवर दोन बारीक दाते असतात. ते खाचांत घालून बल्ब आत दाबावा, उजवीकडे थोडा फिरवावा आणि सोडावा. कमानी त्याला मागे ढकलतात आणि दाते खाचेच्या टोकात अडकून बसतात. ज्या कमानी वीज पोचवतात त्याच बल्बाला धरूनही ठेवतात. एवढ्या साध्या युक्तीत दोन्ही कामे साधली आहेत.

या पद्धतीला बायोनेट, म्हणजे संगिनीची पद्धत म्हणतात, कारण बंदुकीच्या टोकाला संगीन अशाच रीतीने अडकवीत. विजेच्या दिव्याचे एक जनक, इंग्लंडचे जोसेफ स्वान यांच्या सुरुवातीच्या दिव्यांना टोपी नव्हती. त्यांतून बाहेर आलेल्या तारेच्या दोन कड्या आकड्यांत अडकवीत असत. १८८० नंतरच्या दशकात संगिनीची टोपी रूढ झाली. अमेरिकेत एडिसन यांनी आट्यांची टोपी वापरली. ती बरणीच्या झाकणाप्रमाणे फिरवून घट्ट करावी लागते. इंग्रजी अमलामुळे भारतात संगिनीची पद्धत आली. तिच्या टोपीचा व्यास २२ मिलीमीटर असतो, तर आट्यांच्या नेहमीच्या टोपीचा २७ मिलीमीटर. आट्यांच्या होल्डरमध्ये एक धोका अधिक असतो. फेजची तार चुकून बाहेरच्या आटेदार कड्याला जोडली, तर बल्ब फिरवताना बोटे थेट विजेला लागू शकतात; म्हणून तेथे फेज मधल्या टोकालाच जोडावी लागते. संगिनीच्या होल्डरला हा उजवा-डावा भेद नाही.

“आमच्या साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडत,” आजोबा म्हणाले, “पायाखालची जमीन थरथरे. आट्याचा बल्ब तिथे हळूहळू सैल होऊन लोंबला असता. हा नाही होत. खाचेत बसला की बसला.”

बल्ब चोरीला जाऊ नयेत म्हणून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उलट्या आट्यांचे बल्ब वापरीत असत, म्हणजे ते घरी नेऊन काहीच उपयोग होत नसे. मुंबईच्या चाळींनी त्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा आणि कुलूप असा रोकडा उपाय शोधला होता!

जिन्यावरच्या होल्डरची एक खुंटी आत रुतली होती. तिची कमान तापून तापून मऊ झाली होती, त्यामुळे खुंटी बल्बाला जेमतेम टेकत होती. जेथे धातूला धातू घट्ट भिडत नाही तेथे प्रवाहाला वाट अडचणीची होते. ती जागा तापते, पायांच्या हादऱ्याने मध्ये केसभर फट पडली की ठिणगी उडते, ठिणगीने पितळ खडबडीत होते आणि खडबडीत पितळ आणखी कमी भिडते. असे हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. खुंटीच्या टोकाला काळा खड्डा पडला होता. भोवतालची बैठक करपली होती, आणि मासळीसारखा वास तिचाच होता. होल्डर घडवण्याच्या काही कृत्रिम राळा तापून करपल्या की असाच वास सुटतो. तारांवरचे रबर सुकून बिस्किटासारखे झाले होते. हात लावताच त्याचा चुरा पडला. दुसऱ्या पेचावर हिरवट पूड साचली होती. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पितळ आणि तांबे असेच हिरवे पडते.

मुलाने विचारले, “खुंटीखाली चांदीच्या कागदाची घडी ठेवली तर ती वर येईल ना?”

“येईल, आणि दिवाही लागेल. मग तो कागद एके दिवशी सरकून दोन्ही खुंट्यांना एकदम चिकटेल. पुढचं सांगायला नको. तसले उपाय पाहून पाहून माझे केस पांढरे झाले. कमान मेली की होल्डर बदलावा.”

नवा होल्डर आणण्यासाठी दोघे लोहार चाळीकडे निघाले. नावाने चाळ असली तरी ही मुंबईतील विजेच्या सामानाची जुनी पेठ आहे. धोबीतलावावरून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने गेले की तेथे पोचता येते. बटणे, तारा, होल्डर आणि पंखे यांच्या दुकानांनी तेथील गल्ल्या गजबजलेल्या असतात. ही पेठ क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या जवळ असावी हा एक सुरेख योगायोग आहे, कारण मुंबईने विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला तो १८८२ साली याच मंडईत.

तो प्रयोग फार काळ टिकला नाही. त्याआधीच शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होते. गॅस तयार करणारी कंपनी लालबागेत होती आणि तेथील 'गॅस कंपनी लेन' या नावात तिची आठवण उरली आहे. सायंकाळी दिवे लावणारा माणूस शिडी घेऊन खांबाखांबाशी जात असे. विजेचा पुरवठा शहरात नीट सुरू झाला तो १९०५ नंतर. वाडीबंदरला वीज निर्माण करणारे यंत्र बसले, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, आणि हळूहळू घरांतून दिवे आले. १९१५ पासून खोपोलीला पाण्याच्या जोरावर निर्माण केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ट्राम आणि वीज चालवणारी कंपनी १९४७ साली मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची झाली. 'बेस्ट' ती हीच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईला आजही तीच वीज पुरवते. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली.

दिव्याने उजेड आणला तसा काही काळ जाचही आणला. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. काळोख पडला की माग आपोआप थांबत. दिवे आले आणि ही नैसर्गिक सुट्टी गेली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या काही गिरण्या दिवसाकाठी चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगारांनी त्याविरुद्ध ओरड केली, वृत्तपत्रांतून टीका झाली, सरकारने चौकशी समित्या नेमल्या, आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. परळ-लालबागच्या रात्रींना उजळणारे ते दिवे कोणाला सुखाचे आणि कोणाला थकव्याचे वाटले, हे त्या दिव्यांखाली कोण कोठे उभा होता यावर अवलंबून होते.

दुकानदाराने तीन प्रकारचे होल्डर काढून ठेवले. एक तारेला लोंबता टांगायचा, एक भिंतीवर तिरपा बसवायचा आणि एक लाकडी पट्टीवर सरळ बसवायचा. जिन्याला लोंबता होल्डर हवा होता. दोन कंपन्यांचे होल्डर सारखेच दिसत होते, परंतु किमतीत बराच फरक होता. आजोबांनी दोन्ही हातांत घेऊन वजन पाहिले आणि पिशवीतून एक छोटे लोहचुंबक काढले. स्वस्त होल्डरच्या खुंट्यांना ते टपकन चिकटले. त्या लोखंडाच्या असून वर नुसता पिवळा मुलामा होता. महागाच्या होल्डरमध्ये चुंबक फक्त आतल्या कमानीकडे ओढले गेले. कमान पोलादी असते, तेव्हा तिने ओढून घ्यावेच. खुंटी मात्र पितळेचीच हवी. त्या होल्डरवर भारतीय मानकाचा शिक्काही होता. आजोबांनी तोच घेतला.

चाळीत परत आल्यावर त्यांनी फ्यूजची मूठ खिशात आहे ना ते चाचपले, टेस्टर पुन्हा लावला आणि कामाला आरंभ केला. सुकलेली तार त्यांनी कापून टाकली आणि छतापासून खाली नवी दुहेरी तार सोडली. ती होल्डरच्या झाकणातून ओवून त्यांनी आतल्या बाजूस तिला एक गाठ मारली. बल्बाचे व होल्डरचे ओझे गाठीवर पडावे, पेचांवर पडू नये, हा त्यातील उद्देश. तारेच्या टोकावरचे आवरण सुमारे एक सेंटिमीटर सोलून त्यांनी आतील बारीक तांब्याचे धागे पिळून एक केले. ते पेचाभोवती गुंडाळले तेही पेच ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने, नाहीतर पेच आवळताना तार बाहेर ढकलली जाते. एकही धागा सुटा राहू दिला नाही. एका खुंटीकडचा सुटा धागा दुसरीकडे पोचला की फ्यूज उडतो. पेच घट्ट झाले तरी फार आवळून तार तुटू द्यायची नाही, एवढे तारतम्य हाताला सवयीनेच येते. मग दोन्ही तारा एकेक करून हळूच ओढून पाहिल्या आणि झाकण फिरवून बसवले.

तेवढ्याने काम संपले नव्हते. बटणाच्या पाटीमागील तारांची अदलाबदल करून त्यांनी बटण फेजवर आणले. मुलाला त्यांनी हे काम दूर उभे राहून पाहू दिले. हात लावू दिला नाही. मग खाली जाऊन फ्यूज बसवला, मेन वर केला आणि बटण बंद असताना दोन्ही खुंट्यांना टेस्टर लावला. दोन्ही गप्प होत्या. आता बल्ब लावण्याचे काम मुलाकडे आले. त्याने बटण बंद आहे हे पाहिले, हात कोरडे पुसले, दुसरा हात नळापासून दूर ठेवला, बल्ब दाबून उजवीकडे फिरवला आणि सोडला. टक् असा आवाज झाला.

“हा आवाज ओळखून ठेव,” आजोबा म्हणाले. “टक् झालं नाही तर बल्ब अर्धवटच बसला आहे.”

होल्डर वर्षानुवर्षे चालावा असे वाटत असेल तर त्याची निगा फार कष्टाची नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा वीज बंद करून तो कोरड्या फडक्याने पुसावा. ओल्या फडक्याने कदापि नाही. गिरणीत कापसाचा तंतू दिव्यांवर साचून पेटण्याची भीती असे, म्हणून तेथे ही पुसापुशी नेमाने होई. होल्डरवर लिहिलेल्या किंवा शेडला सोसेल त्याहून मोठा बल्ब लावू नये. तारेच्या बल्बाला मिळालेल्या विजेतला फारच मोठा भाग उष्णतेत जातो, आणि ती उष्णता वर, म्हणजे थेट होल्डरकडेच चढते. जिन्यावरच्या होल्डरची कमान मेली होती तीही पूर्वी कोणीतरी तेथे बंद शेडमध्ये १०० वॉटचा बल्ब लावल्यामुळे, असा आजोबांचा अंदाज होता. एलईडी दिवे थंड असल्याने हा त्रास आता कमी झाला आहे. तथापि सैल खुंटीची ठिणगी त्यांच्याही वाट्याला येतेच.

त्याहून वाईट खोड म्हणजे होल्डरमध्ये बल्बाऐवजी प्लग अडकवून त्यावर इस्त्री चालवण्याची. ७५० वॉटच्या इस्त्रीला तीन अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. म्हणजे साठच्या बल्बाच्या बारा पटींहून जास्त. खोलीत एकच जोडणी असलेल्या बिऱ्हाडांतून हा उद्योग सर्रास चाले. कधी बल्बाची काच फुटून पितळी टोपी होल्डरमध्येच अडकून राहते. ती बटाटा खुपसून फिरवावी असे कोणी कोणी सांगतात. बटाटा रसाळ असतो आणि रसातून वीज वाहते, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानात नसते. मेन बंद करून, हातमोजा घालून, निमुळत्या पकडीने टोपीची कड धरून ती काढणे हाच मार्ग आहे, आणि तोही जाणत्या माणसासाठी.

संध्याकाळी वळणावर उजेड पडला. आजी कठड्याला न धरता दोन पायऱ्या उतरल्या, वर पाहिले आणि पुन्हा कठडा धरून सावकाश खाली गेल्या. चिटणिसांनी कंपनीबद्दल पुन्हा काही म्हटले नाही.

गणपतीला आठ दिवस राहिले होते. १८९३ पासून गिरगावच्या चाळींतून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे, आणि गणपती म्हटला की रोषणाई आलीच. चाळीच्या मंडपाची दिव्यांची माळ वर्षभर माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असे. एका लांब दुहेरी तारेवर हाताहाताच्या अंतराने साठ होल्डर जोडलेले होते. सर्व शेजारी-शेजारी जोडलेले असल्यामुळे एक बल्ब गेला तरी बाकीचे जळत. परंतु एक होल्डर सडला आणि मंडपाचे ताडपत्री छत गळले, तर ओल्या बांबूलाही वीज लागू शकते. दर वर्षी माळ जशी असेल तशी बाहेर काढून टांगीत असत. या वर्षी वायरमन आजोबांनी ती प्रथम पटांगणात, कोठेही जोडलेली नसताना, सतरंजीवर पसरली.

मुलगा त्यांच्याशेजारी वही घेऊन बसला. आजोबा एकेका होल्डरच्या खुंट्या काडीने दाबून पाहत आणि आकडा सांगत. खुंटी टपकन वर आली की मुलगा बरोबरची खूण करी. अडली, हिरवी पडली, बैठक तडकलेली दिसली की फुली. अंधार पडेपर्यंत साठपैकी सतरा फुल्या झाल्या.

“सतरा!” चिटणीस म्हणाले. “पण गेल्या वर्षी तर सगळे दिवे लागले होते.”

आजोबांनी मुलाकडे पाहिले.

“लागत होते,” मुलगा म्हणाला, “जिन्यावरचाही लागत होता.”

चिटणिसांनी खिशातून वर्गणीचे पाकीट काढले आणि सतरा होल्डरांचे पैसे मोजून आजोबांच्या हाती दिले. सकाळी लोहार चाळीत जाताना चुंबक कोणी घ्यायचे, हे विचारण्याची गरज कोणालाच पडली नाही. ते मुलाच्या कंपासपेटीत आधीच जाऊन बसले होते.